आठ दिवसांनी सोमवार

आई बोलायची थांबली त्याला पाच महिने होत आले होते आणि माझा प्रोग्रॅम चुकायला लागला त्याला चार आठवडे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं तेव्हा मला कोणी सांगितलं असतं, तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. तशी मी त्या दिवसांत कोणाच्याही अंगावर धावून जात होते. दूधवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या, आणि सकाळी आईजवळ बसायला येणाऱ्या बाईंच्यासुद्धा. त्यांनी बिचाऱ्यांनी माझं काही घोडं मारलं नव्हतं.

पण आधी आईचं ऐकणं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजणार नाही.

आई सटाण्याच्या पुढच्या एका खेड्यातली. चौथी पास. लग्न होऊन नाशिकला आली ती सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत. मी कॉलेजात असताना बाबा गेले आणि घरात आम्ही दोघीच उरलो. ती अहिराणीत बोलायची आणि मी तिला पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचे. वर तिला सुधारायचेही. 'सोम्मार' नाही गं आई, सोमवार. 'माले' नाही, मला. मैत्रिणी घरी आल्या की माझा सगळा जीव तिच्या तोंडाकडे लागलेला असायचा, आता ही काय बोलते म्हणून. तिला ते कळत असणार, कारण मैत्रिणी आल्या की ती चहा ठेवून मागच्या दारी जाऊन बसायची. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

श्रावणातल्या रविवारी ती कहाणी सांगायची. कहाणी एकट्याने पुटपुटून चालत नाही, ती ऐकणारं कोणीतरी समोर लागतं. आई माझ्या तळहातावर तांदळाचे तीन दाणे ठेवायची, तीन स्वतःच्या मुठीत धरायची आणि सुरू करायची. ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्याला 'हुं' म्हणायचं. माझा हुंकार चुकला, लक्ष खिडकीबाहेर गेलं, की ती रागवायची नाही, फक्त पहिल्यापासून सुरुवात करायची. एका रविवारी तिने मला तीच कहाणी चार वेळा ऐकवली होती. भुकेने माझे प्राण कंठाशी आले होते, पण तिने नैवेद्याला हात लावू दिला नाही.

पुढे बी.एस्सी. झाल्यावर मी मेन रोडजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासला जायला लागले. नव्वदीची सुरुवात होती. वीस जणांत तीन मशीन, आठवड्यातून दोनदा एकेक तास. बाकी सगळं प्रोग्रॅमिंग शंभर पानी वहीत, पेन्सिलीने. मशीनवर बसायच्या आधी प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता. म्हणून मी घरी तो मोठ्याने वाचायचे. एक दिवस मेथी निवडता निवडता आईने विचारलं, "कोनले सांगी राहिनी?" कोणाला सांगतेस म्हणून.

"कोणाला नाही. असंच."

"असं कोठे ऱ्हास? ऐकाले कोनी पाहिजे ना." असं कुठे असतं, म्हणाली. तिने हात पुसला आणि पुढे केला. "दाना दे."

मी हसत हसत डब्यातून तांदूळ काढून तिच्या हातावर तीन दाणे ठेवले आणि तीन माझ्या मुठीत घेतले. तो प्रोग्रॅम काही परीक्षेच्या गुणांची सरासरी काढण्याचा होता. मी म्हटलं, आधी एक डबा घेतला, त्याला नाव दिलं अ. ती म्हणाली, हुं. त्यात पहिल्या मुलाचे गुण टाकले. हुं. मग दुसऱ्याचे टाकले. हुं. मग बेरजेला क ने भागलं. आणि हुंकार आला नाही. मी वर पाहिलं. आईच्या कपाळाला आठी पडली होती.

"हाऊ कोन शे?" ती म्हणाली. "कवय उना?"

हा कोण, आणि कधी आला. क नावाचा डबा मी कुठे मांडलाच नव्हता. कहाणीत अचानक एखादा माणूस बोलायला लागावा आणि तो कोणाचा कोण हे आधी सांगितलेलंच नसावं, तसं झालं होतं. त्या दिवशी मशीनवर माझा प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला आणि मास्तरांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं की घरी कोणी शिकवतं का.

तेव्हापासून आमचं हे चाललं. नोकरी लागल्यावरही. गंगापूर रोडच्या एका लहानशा कंपनीत मी लागले. दुकानं, दवाखाने, शाळा यांना लागतील ते प्रोग्रॅम आम्ही लिहायचो. एखादी गोष्ट अडली की मी छापील कागदांची घडी घरी आणायचे, आईच्या हातावर दाणे ठेवायचे आणि पहिल्या ओळीपासून सांगायला लागायचे. तिला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तसं ती म्हणायचीही, "माले काय समजस?" पण जिथे तिचा हुंकार अडायचा तिथे दहातल्या नऊ वेळा चूक असायची. कारण तिथे सांगताना मी स्वतःच चाचरलेली असायचे आणि ते मला नाही, तिला ऐकू यायचं. ऑफिसात सर चेष्टेने विचारायचे, "आईसाहेबांनी पास केलं का? मग पाठवा."

त्या वर्षी दिवाळी झाली आणि आठवड्याच्या आत आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, तिला समजतं बरंचसं, पण शब्द बाहेर येत नाहीत. शब्द राहू देत, हुंकारही येईना. ती बघायची. मी बोलत असले की माझ्या ओठांकडे बघायची, आणि मी गप्प झाले की पंख्याकडे.

वाचेचे व्यायाम करून घेणाऱ्या एक मॅडम पंधरा दिवसांतून एकदा घरी यायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला बाहेर नेऊन सांगितलं होतं की पहिले सहा महिने फार महत्त्वाचे, जे परत यायचं ते बहुतेक तेवढ्यात येतं, नंतर फार आशा धरू नका. "रोज बोला त्यांच्याशी. आकडे म्हणा, वार म्हणा, आरत्या म्हणा. ठरवून बोलता येत नाही, पण लहानपणापासून पाठ असलेलं कधी कधी आपोआप निघून जातं तोंडातून. एकदा निघालं की ते धरून ठेवायचं. लगेच. शाबासकी द्यायची, तोच शब्द पुन्हा म्हणायला लावायचा, सोडायचा नाही. तोच धागा असतो." आणि जाता जाता म्हणाल्या, "त्यांच्या भाषेत बोला हं."

त्यांच्या भाषेत. मला अहिराणी सगळी समजत होती, पण ती बोलायला माझी जीभ वळत नव्हती. कधी वळवलीच नव्हती ना.

मी रोज दुपारी चार वाजता तिच्या पलंगाशी बसून म्हणायचे, सोमवार, मंगळवार, बुधवार. एक, दोन, तीन. गणपतीची आरती म्हणायचे. ती माझ्या ओठांकडे बघत राहायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी सहाव्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला पेन्सिलीने बारीक ठिपका केला होता. तिला दिसू नये एवढा बारीक. दर दिवशी तो ठिपका जवळ येत होता.

सरांनी मोठ्या मनाने मला अर्धा दिवस घरी काम करायची मुभा दिली होती. सकाळी नऊ ते एक त्या बाई आईजवळ बसायच्या आणि मी बाहेरची कामं उरकायचे. एकनंतर मी घरी, छापील कागद मांडीवर घेऊन. अशा अवस्थेत तो दवाखान्याचा प्रोग्रॅम चुकायला लागला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं.

पेठ रोडला एक धर्मादाय दवाखाना होता. तिथे दर सोमवारी सांध्यांच्या डॉक्टरीणबाई यायच्या. हाताची बोटं वाकडी झालेली, गुडघे धरलेली माणसं पेठ, सुरगाण्याच्या बाजूने पहाटेची एस.टी. पकडून यायची. सोमवारी इंजेक्शन घ्यायचं, पुन्हा पुढच्या सोमवारी. डॉक्टरीणबाई कार्डावर लिहून द्यायच्या, खिडकीवरची बाई ते कॉम्प्युटरमध्ये टाकायची, आणि पुढच्या तारखेची चिठ्ठी छापून निघायची. एवढंच काम. वर्षभर बिनबोभाट चाललं होतं. मग एका आठवड्यापासून काही चिठ्ठ्यांवर सोमवारऐवजी मंगळवार यायला लागला. सगळ्या नव्हे, काहीच. आणि मंगळवारी डॉक्टरीणबाई नसायच्या.

नेमकं त्याच आठवड्यात मी तिथे प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकली होती. त्यामुळे चूक माझी यात कोणालाच शंका नव्हती, मला तर मुळीच नव्हती. मी ओळ न ओळ तपासली. तारीख आधी की महिना आधी यात घोळ आहे का ते पाहिलं. मशीनची आतली बॅटरी उतरून घड्याळ पुढे जातंय का ते पाहिलं. ऑफिसात बसून दोनशे वेळा चिठ्ठी काढून पाहिली. सात दिवस टाकायचे, सोमवार यायचा. सात टाकायचे, सोमवार. सकाळी दवाखान्यात जाऊन खिडकीशी बसले. तिथल्या जुन्या बाई मान वर न करता भराभर कार्डं टाकत होत्या आणि एकजात सोमवार येत होता. "बघा मॅडम, सकाळी शहाण्यासारखं वागतं," त्या म्हणाल्या. "दुपारी बिघडतं." दुपारी खिडकीवर एक नवीन मुलगी असायची, तिच्या वेळेला सगळा गोंधळ. मी फोन करून दोघींनाही विचारलं, दिवसांच्या चौकटीत काय टाकता? दोघी म्हणाल्या, कार्डावर असतं तेच.

दुपारी बिघडतं! मग मी दुपारच्या मागे लागले. बारानंतर घड्याळात काही होतं का, दुपारी लोडशेडिंगनंतर मशीन पुन्हा चालू होतं तेव्हा काही होतं का, उन्हाने तापतं का. चैत्र चालू होता, तापतच होतं सगळं, माझं डोकं धरून. स्वतः दुपारी जाऊन बसले असते तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पण दुपारी मला आईला सोडून हलता येत नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी मी तिथे गेले तेव्हा पायरीवर एक बाई बसली होती. सुरगाण्याकडची. बोटं आखडून मूठ झालेली, त्या मुठीत चिठ्ठी. मला कागद घेऊन आत जाताना पाहून तिला मी डॉक्टर वाटले असणार.

"बाय, डॉक्टरीण बोलली व्हती आठ दिसांनी ये. मना वाटला सोमवार," ती म्हणाली. "पन कागदावं मंगळवार लिवलाय ना? कागद खरा ना, बाय?"

मी तिला म्हटलं, चूक झाली, पुढच्या सोमवारी या. पायरीला धरून उठायला तिला इतका वेळ लागला की मी तिच्या दंडाला धरलं, तर ती कळवळली. मी लाजेने मान खाली घालून आत गेले. तिने एका वाक्यात मला सगळं उत्तर दिलं होतं. मला त्यातला फक्त मंगळवार ऐकू आला होता.

त्या शुक्रवारी सरांनी बोलावलं. शांतपणे म्हणाले, दवाखान्यातले लोक सोमवारपर्यंत थांबतील, मग ते परत वहीवर जाणार. आणि मग घरून काम करायचंही मला चालू ठेवता येणार नाही, बाकीचे विचारतात. सरांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. मी घरी आले, बाईंना जायला सांगितलं आणि न्हाणीघरात नळ सोडून रडले. आईला ऐकू जाऊ नये म्हणून नळ. नोकरी गेली तर आईचं काय, आणि नोकरी राहिली पण दिवसभर बाहेर जावं लागलं तरी आईचं काय. ठिपक्याला तेवीस दिवस उरले होते.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी कागदांची घडी घेऊन पलंगाशी बसले. का कोण जाणे, पाच महिन्यांत केलं नव्हतं ते केलं. डब्यातून तांदूळ आणला. तिच्या डाव्या हातात, जो चालत होता त्यात, तीन दाणे ठेवले आणि तिची बोटं मिटवली. तीन माझ्या मुठीत धरले. तिने मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं तिच्या डोळ्यात काहीतरी हललं, पण त्या दिवसांत मला असं रोजच वाटायचं.

"ऐक आई," मी म्हटलं. "एक दवाखाना शे."

शे म्हटलं मी. माझं मलाच हसू आलं. पण तसंच पुढे रेटलं, मोडकंतोडकं, अर्धं तिचं अर्धं माझं. एक डॉक्टरीण शे. ती सोम्मारले येस. थांबले. हुंकार नाही. पुढे गेले. पेशंट येस, त्याला तपासस, कार्डावर लिहस. नाही. मला त्या शांततेचा राग यायला लागला, आणि तिचा राग यायला लागला, हेही सांगून टाकते. एवढं समजतं म्हणतात, मग साधं हुं म्हणायला काय जातं हिचं? मी आवाज चढवला. आता लहान मुलाला सांगतात तसं सांगते, म्हटलं. मुठीतले दाणे विसरून मी दुसऱ्या हाताच्या पेरांवर मोजायला लागले.

"आज सोम्मार. डॉक्टरीणनी काय लिहिलं? आठ दिवसांनी ये. मग मोज. मंगळवार एक. बुधवार दोन. गुरुवार तीन. शुक्रवार चार. शनिवार पाच. रविवार सहा. सोम्मार सात. आणि आठ, मंगळवार—"

"सोम्मार."

"अगं सोम्मार सात," मी म्हटलं. "आठ मंगळ—"

आणि माझं तोंड तसंच उघडं राहिलं. आठ दिवसांनी म्हणजे सोमवार. अख्ख्या महाराष्ट्रात आठ दिवसांनी म्हणजे त्याच वारी. आजचा दिवस धरून मोजायचं. पंधरा दिवसांनी म्हणजेही त्याच वारी. आठवडा या शब्दातच आठ बसलाय, आणि दिवस त्यात सात. डॉक्टरीणबाई कार्डावर लिहीत होत्या 'आठ दिवसांनी'. जुन्या बाई आठ वाचून न कळत सात टाकत होत्या, आणि विचारलं की सांगत होत्या, कार्डावरचंच टाकते. नवी मुलगी त्याच आठवड्यात लागलेली, क्लास करून आलेली, शिकवलं तसं वागणारी. ती आठ वाचून आठ टाकत होती. प्रोग्रॅम इमानदारीने आठ मोजून मंगळवारवर येत होता. आणि मी दोनशे वेळा तपासताना दोनशे वेळा सात टाकले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी ओरडले. खरंच ओरडले. कागद उधळून उठले, चपला न घालता बाहेर पळाले. गल्लीच्या कोपऱ्यावर पिवळ्या पाटीचा एस.टी.डी. बूथ होता. तिथून सरांच्या घरी फोन लावला. ते जेवून आडवे झाले असावेत, पण मी त्यांना बोलू दिलं नाही. सर, आठ म्हणजे सात! ते म्हणाले, काय? मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते हसायला लागले, मग गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे प्रोग्रॅम बरोबरच होता ना? जिंकलीस गं बाई." उद्या दिवसांच्या जागी आठवडे विचारायचे असं ठरलं. पाच मिनिटांचं काम. मी फोन ठेवला आणि बूथवाल्या काकांनाही सगळं सांगितलं, त्यांनी न विचारताच. ते मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आठ दिवसांनी म्हणजे सोमवारच की ताई. त्यात काय एवढं?"

मी हसत सुटले. पाच महिन्यांत इतकी हसले नव्हते. तिथेच उभ्याने एक गार बाटली प्यायले. परत निघाले तेव्हा पाय पोळले म्हणून सावलीसावलीने, रमत आले. वीस-पंचवीस मिनिटं तरी गेली असतील.

दाराची कडी काढायला हात उचलला आणि मूठ उघडेना. पाहिलं तर मुठीत तांदळाचे तीन दाणे, घामाने तळहाताला चिकटलेले. फोन लावताना, बाटली धरताना मी ती मूठ उघडलीच नव्हती. त्या दाण्यांकडे बघत असताना मला पहिल्यांदा वाटलं, सोम्मार कोण म्हणालं?

मी आत धावले. आई दाराकडे बघत होती. डावा हात पलंगाबाहेर लोंबत होता, बोटं उघडी, आणि दाणे खाली फरशीवर पडले होते. तिच्या डोळ्यातलं पाणी कानापर्यंत गेलं होतं आणि उशी तिथे ओली होती. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. आई, तू बोललीस. आई, परत म्हण. सोम्मार. सोम्मार म्हण. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली.

मॅडम म्हणाल्या होत्या, लगेच धरायचं, सोडायचं नाही. पाच महिने मी त्या एका शब्दासाठी जीव टाकत होते आणि तो आला तेव्हा मी त्याच्यातलं उत्तर घेतलं आणि पळाले. तिचा आवाज कसा आला होता, घोगरा की स्पष्ट, हेसुद्धा मला आठवेना. आजही आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला आहे. फक्त शब्द आठवतो, आवाज नाही.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आला ना, मग परत येईल," म्हणाल्या. "तुम्ही काय करत होतात तेव्हा?" मी म्हटलं, चुकत होते. "मग चुका," त्या म्हणाल्या.

दवाखान्याचा प्रोग्रॅम सोमवारी दुरुस्त झाला आणि नंतर तो बरीच वर्षं चालला. नव्या मुलीला उगीच बोलणी बसली. ती म्हणाली, "लिहिलंय आठ, मी टाकलं आठ," आणि ते खरंच होतं. त्याच सोमवारी मी मुद्दाम जाऊन दुपारपर्यंत खिडकीशी बसले, पण आखडलेल्या मुठीची ती बाई काही मला दिसली नाही. ती त्या सोमवारी आलीच नाही की माझी नजर चुकली, कळायला मार्ग नाही.

आणि घरी मी चुकायला लागले. रोज दुपारी चार वाजता आईच्या हातावर तीन दाणे ठेवून तिच्या भाषेत चुकीचं सांगायचे. आठ दिवसांनी मंगळवार. तीन आणि चार आठ. दिवाळीनंतर दसरा. सटाणा नाशिकच्या दक्षिणेला. जन्मभर तिच्या चुका काढल्या, जन्मभर दुसऱ्यांच्या आणि माझ्या प्रोग्रॅममधल्या चुका काढून पोट भरलं, आणि आता मी रोज नवनव्या चुका शोधून आणत होते, तिने एकदा तरी मला अडवावं म्हणून. माझी अहिराणी त्या काळात फार सुधारली. कॅलेंडरवरचा ठिपका आला आणि गेला. मी कॅलेंडरचं ते पान फाडलं आणि चुकत राहिले.

ती आणखी दोन वर्षं होती. कधी कधी मी मंगळवार म्हटलं की तिच्या कपाळाला ती जुनी आठी पडायची, हाऊ कोन शे वाली, आणि मी श्वास धरून थांबायचे. पण शब्द आला नाही. हुंकारही आला नाही.

आता मी स्वतः तिच्या वयाला पोचत आले आहे. अजूनही कोणी 'आठ दिवसांनी भेटू' म्हणालं की मी मनात मुद्दाम मंगळवार म्हणते आणि थोडा वेळ थांबते.